न सापडलेली प्रतिपिंडे

करोनाच्या साथीत घराघरांत एक आकडा विचारला जात होता. ‘तुमच्या अँटीबॉडी किती आल्या?’ मोठा आकडा आलेला माणूस जरा निर्धास्त होई, लहान आकडा आलेला मनातून खचे. तपासणीच्या त्या कागदाने आपल्या मनात एक समजूत घट्ट बसवली. प्रतिपिंडे आहेत म्हणजे विषाणू गेला, आणि प्रतिपिंडे नाहीत म्हणजे शरीराने काही केलेच नाही. ही समजूत आज सावकाश उलगडून पाहायची आहे. त्यासाठी माणसापेक्षा लहान जीव बरा, कारण त्याचे सगळे आयुष्य, जन्माआधीपासून मरणापर्यंत, दोन-अडीच वर्षांत पाहून होते.

हातातले काम बाजूला ठेवा. वाचता वाचता मध्येच थांबावेसे वाटले तर थांबा, पुढच्या ओळी कुठे जात नाहीत.

प्रयोगशाळेतला एक पांढरा उंदीर मनासमोर आणा. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. पिंजऱ्यातल्या लाकडाच्या भुशात बसला आहे, पुढच्या दोन पायांनी तोंड पुसतो आहे, मिशा सारख्या हलत आहेत. अंगावरचे केस नीट बसलेले आहेत. आजारी उंदराचे केस विस्कटतात, पाठीला पोक येते. तसे इथे काहीही नाही. आता एवढेच लक्षात घ्या की या उंदराच्या रक्तात विषाणू आहे. मेंदूत आहे, यकृतात आहे, मूत्रपिंडात आहे. तो आईच्या पोटातच याच्याकडे आला आणि उंदीर जिवंत असेपर्यंत जाणार नाही. नीट बसलेले केस आणि रक्तातला विषाणू, दोन्ही एकाच वेळी मनात धरा. सुरुवातीला ते जमत नाही. मन एकाला सोडून दुसऱ्याकडे धावते. धावू द्या, आणि पुन्हा इथे आणा.

असे उंदीर पहिल्यांदा नीट ओळखले ते एरिख ट्राउब यांनी. वर्ष १९३५, ठिकाण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथली रॉकफेलर इन्स्टिट्यूटची शाखा. विषाणूचे नाव लांबलचक आहे, लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. काम करणारे सगळे त्याला एलसीएम म्हणतात. तो सापडला होता दोन वर्षे आधी, १९३३ मध्ये. सेंट लुईस शहरात मेंदूज्वराची साथ आली होती आणि चार्ल्स आर्मस्ट्राँग त्या साथीच्या विषाणूच्या मागावर होते. त्या शोधात हा वेगळाच विषाणू हाती लागला. ट्राउब यांना तो आपल्याच संस्थेच्या उंदरांत भेटला. त्यांनी हे उंदीर वर्षानुवर्षे पाहिले आणि एक गोष्ट नोंदवून ठेवली, जिच्यावर पुढच्या तीन पिढ्यांचे शास्त्रज्ञ विचार करत राहिले. पिलाला संसर्ग आईच्या पोटात किंवा जन्मल्याबरोबर झाला, तर ते जगते, वाढते, त्यालाही पिले होतात आणि विषाणू जन्मभर त्याच्या अंगात राहतो.

मोठ्या उंदराच्या मेंदूत हाच विषाणू टोचला तर काय होते, तेही पाहा. पाच दिवस काहीच दिसत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उंदीर अंग आखडून बसतो. शेपटीला धरून उचलला आणि हलकेच गरकन फिरवला की मागचे पाय ताठ होतात, सगळ्या अंगाला झटका येतो. तो आठवड्या-दीड आठवड्यात मरतो. विषाणू तोच, जात तीच. फरक फक्त वयाचा.

इथे थोडे थांबू. मन लगेच म्हणते, मोठ्यात विषाणू जास्त वाढला असेल. तसे नाही. हा विषाणू ज्या पेशीत राहतो तिला फोडत नाही. तो आत शिरतो, आपल्या प्रती काढतो आणि पेशी आपले काम करत राहते. १९५० च्या दशकात वॉलेस रो यांनी मोठ्या उंदरांना आधी क्ष-किरण दिले, म्हणजे त्यांच्या प्रतिकारपेशी दुबळ्या केल्या, आणि मग विषाणू टोचला. विषाणू वाढला, पण क्ष-किरण न दिलेले उंदीर ज्या वेळी मरत, त्या वेळी हे मेले नाहीत. मारणारा विषाणू नव्हताच. त्याला संपवायला धावलेल्या उंदराच्या स्वतःच्या पेशींनी मेंदूची आवरणे सुजवली होती. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाण्यासारखे नाही. ज्या प्राण्याला आपण आजारी म्हणतो तो लढतो आहे, आणि ज्याला निरोगी म्हणतो तो लढत नाही, असे या क्षणी दिसते.

असेच ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नला फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनाही दिसले. १९४९ मध्ये त्यांनी फ्रँक फेनर यांच्यासोबत प्रतिपिंडांवर एक पुस्तक लिहिले. त्यात ट्राउबच्या उंदरांचा दाखला आहे. जुळ्या वासरांचाही आहे, जी गर्भात एकमेकांचे रक्त वाटून घेतात आणि मग जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात. बर्नेट यांचे म्हणणे असे, की गर्भात जे भेटते त्याला शरीर आपले मानते. विषाणू गर्भात भेटला म्हणून तो ‘आपला’ झाला. मग त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे का निघावीत? आणि खरोखरच, या वाहक उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडे शोधली तर नेहमीच्या चाचणीत ती सापडत नव्हती. विचार इतका नेटका आणि पुष्कळ अंशी इतका खरा होता की १९६० चा नोबेल पुरस्कार बर्नेट आणि पीटर मेडावर यांना याच सहनशीलतेच्या कल्पनेसाठी मिळाला. मला हा विचार आजही सुंदर वाटतो. पण आपल्या भुशातल्या उंदराला तो पुरा पडत नाही.

हे वाहक उंदीर तरुणपणी निरोगी असतात. वय वाढू लागले की त्यांच्यातल्या पुष्कळांची रया जाते. केस विस्कटतात, पाठीला पोक येते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन हा तरुण संशोधक आणि त्याचे ज्येष्ठ फ्रँक डिक्सन यांनी या म्हाताऱ्या उंदरांची मूत्रपिंडे उघडली. त्यांचे निष्कर्ष १९६७ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

त्यांच्यासोबत आपणही जवळून पाहू. उंदराचे मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यापेक्षा फार मोठे नसते. ते गोठवतात आणि पात्याने त्याचा इतका पातळ काप काढतात की तो काचेवर ठेवल्यावर नुसता ओलसर डाग दिसावा. मग त्यावर एक द्रव सोडतात. त्यात उंदराच्याच प्रतिपिंडांना चिकटणारी दुसऱ्या प्राण्याची प्रतिपिंडे असतात आणि त्यांना फ्लुओरेसिन हा रंग जोडलेला असतो. काप धुतात; जे चिकटले नाही ते वाहून जाते. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली काच ठेवली की जिथे उंदराचे प्रतिपिंड आहे तिथे हिरवे चमकते.

निरोगी उंदराच्या मूत्रपिंडात बहुतेक काळोखच दिसतो. वाहक उंदराच्या मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ हिरव्या कणांनी भरलेले दिसतात. रक्त गाळले जाते ते याच गुच्छांत. कण एकसारखे पसरलेले नाहीत. केशवाहिनीच्या भिंतीला लागून ओबडधोबड, दाणेदार. त्याच जागी पूरक प्रथिनेही (प्रतिपिंडांच्या मदतीला येणारी रक्तातली प्रथिने) सापडली, आणि त्याच जागी विषाणूचे अंश. मूत्रपिंडातून ही प्रतिपिंडे रसायनांनी सोडवून वेगळी काढली आणि तपासली, तर ती एलसीएम विषाणूलाच चिकटणारी निघाली.

इथे मनाला बसवा. जितका वेळ लागेल तितका घ्या.

प्रतिपिंडे होती. जन्मभर होती. उंदराचे शरीर गप्प बसलेच नव्हते. रक्तात विषाणू इतका होता की प्रतिपिंड तयार होताक्षणी एखाद्या विषाणूकणाला किंवा त्याच्या तुकड्याला जाऊन चिकटे आणि मोकळे उरतच नसे. चाचणीला दिसते ते मोकळे प्रतिपिंड. चिकटलेले तिला दिसत नाही. त्यामुळे ‘नाही’ असे उत्तर येई. आणि ही चिकटलेली संकुले रक्तासोबत फिरत फिरत गाळणीत, म्हणजे मूत्रपिंडात, अडकून साचत गेली. तिथे त्यांच्याभोवती पूरक प्रथिने जमली, दाह सुरू झाला आणि म्हातारपणी उंदीर त्यानेच खंगला. ओल्डस्टोन आणि डिक्सन यांनी वाहक उंदरांना बाहेरून एलसीएमविरोधी प्रतिपिंडे देऊनही पाहिले. ऊतींची इजा वाढली. उंदरांच्या सगळ्या वंशांत हे सारखे नव्हते. जे वंश जास्त प्रतिपिंडे करत त्यांचा आजार लवकर आणि जोरात येई. जे कमी करत ते पुष्कळ काळ बरे राहत.

पहिल्यांदा हे समजून घेताना माझे मन मूत्रपिंडापेक्षा त्या ‘नाही’पाशी जास्त रेंगाळले. तीस वर्षे जाणकार माणसे या उंदराला निष्क्रिय समजत होती, आणि त्यांच्या मोजण्यात काही खोट नव्हती. मोजले ते अचूकच होते. फक्त ज्या जागी मोजले तिथे उत्तर शिल्लक राहत नव्हते. बर्नेटही सगळे चुकले नव्हते, हे सांगायलाच हवे. विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी पेशींच्या बाबतीत या उंदरात खरोखर पोकळी असते. डेन्मार्कमध्ये मोगेन्स व्होल्कर्ट यांनी १९६० च्या दशकात लस दिलेल्या उंदराच्या पेशी वाहक उंदरात सोडल्या, तेव्हा जन्मभराचा विषाणू ओसरू लागला. म्हणजे एकाच शरीरात टी पेशी विषाणूला सहन करतात आणि बी पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे करत राहतात. ‘शरीर’ हा एक शब्द आपण वापरतो म्हणून त्याचा एकच निर्णय असेल असे वाटते.

आता समजुतीची दुसरी बाजू. प्रतिपिंड विषाणूला चिकटले म्हणजे विषाणू निकामी झाला का?

यासाठी दुसरा उंदीर आणू, दुसरा विषाणू. १९६० मध्ये व्हर्नन रायली कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांचे रक्त तपासत होते. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराची पातळी अनेक पटींनी वाढलेली दिसली, आणि कारण निघाले एक विषाणू. तो उंदराला जन्मभर राहतो आणि बाहेरून काही लक्षण दाखवत नाही. एबनर नॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या उंदरांच्या रक्तातला विषाणू घेतला. तो निरोगी उंदराला टोचला की संसर्ग होतो, हे ठाऊक होते. त्यांनी त्या रक्तात आधी आणखी एक गोष्ट मिसळली, उंदराच्या प्रतिपिंडांनाच पकडणारे दुसऱ्या प्राण्याचे सीरम. त्या सीरमला विषाणूशी काही देणेघेणे नव्हते. विषाणू नागडा असता तर त्याच्यावर काहीच परिणाम झाला नसता. पण विषाणूची संसर्गशक्ती खाली आली.

याचा अर्थ शांतपणे लावा. त्या विषाणूकणांच्या अंगावर उंदराची प्रतिपिंडे आधीपासून होती. ती अंगावर घेऊनच विषाणू रक्तात फिरत होता, पेशीत शिरत होता, नव्या उंदराला लागत होता. चिकटणे आणि थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रतिपिंड विषाणूच्या नेमक्या कोणत्या भागाला चिकटले, किती घट्ट चिकटले, एका कणावर अशी किती बसली, यावर दुसरे काम अवलंबून असते. कोरियातल्या रानउंदरांत हो-वांग ली यांना हंतान विषाणूच्या बाबतीत आणखी एक कोडे दिसले: विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडे रक्तात, आणि तरी विषाणू फुप्फुसांत महिनोन् महिने मुक्कामाला. ते इथे नुसते मनात नोंदवून ठेवू.

परत एलसीएमकडे येऊ, पण आता मोठ्या उंदरात. १९८४ मध्ये रफी अहमद हे हैदराबादहून गेलेले शास्त्रज्ञ स्क्रिप्समध्ये ओल्डस्टोन यांच्यासोबत काम करत होते. जन्मापासूनच्या वाहक उंदरांच्या प्लीहेतून त्यांनी विषाणूचा एक बदललेला प्रकार वेगळा केला. नाव मिळाले क्लोन १३. मूळ विषाणूपेक्षा त्याच्यात थोडेसेच बदल आहेत, पण ते पुरतात. मूळ विषाणू मोठ्या उंदराच्या रक्तात टोचला तर टी पेशी त्याला आठवडाभरात संपवतात. क्लोन १३ दोन-तीन महिने रक्तात टिकतो, आणि मूत्रपिंडात त्याहूनही जास्त काळ. त्याच्यासमोर टी पेशी थकतात. या थकव्याच्या अभ्यासातून कर्करोगाच्या आजच्या उपचारांना मोठे बळ मिळाले, तो स्वतंत्र विषय आहे. आपण प्रतिपिंडांबरोबर राहू.

क्लोन १३ चा संसर्ग झालेल्या उंदरात पहिल्या आठवड्यातच विषाणूविरोधी प्रतिपिंडे भरपूर दिसतात. पण ती बहुतेक विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्ध असतात. विषाणूला पेशीत शिरू न देणारी प्रतिपिंडे, म्हणजे त्याच्या बाहेरच्या प्रथिनावर नेमक्या जागी बसणारी, दोन महिने उलटले तरी दिसत नाहीत. उशीर का? एक कारण डॅनिएल पिन्शेवर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या बसलेल्या असतात आणि त्या नेमक्या मोक्याच्या जागा झाकतात. त्यातल्या काही काढून टाकल्या की प्रतिपिंडे विषाणूला चांगली रोखू लागतात. दुसरे कारण उंदराच्याच अंगात आहे. संसर्गाच्या सुरुवातीला इंटरफेरॉन हे संदेश-प्रथिन शरीराच्या मदतीला येते, पण त्याच्याच पुरात विषाणू ओळखणाऱ्या बी पेशींचा मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांतच नाहीसा होतो. तीन वेगवेगळ्या गटांनी २०१६ मध्ये हे एकाच सुमारास प्रसिद्ध केले.

मग शेवटी विषाणू रक्तातून जातो तरी कसा? जातो तेव्हा प्रतिपिंडांचा हात असतो. ज्या उंदरांत बी पेशीच नाहीत किंवा ज्यांना नीट प्रतिपिंडे करता येत नाहीत, त्यांत विषाणू ठाण मांडून राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या एलिना झुनिगा यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की संसर्गाच्या उत्तरार्धात इंटरल्यूकिन-६ हा संदेश वाढतो. बी पेशींना शिकवणाऱ्या मदतनीस टी पेशी त्याने बळावतात, प्रतिपिंडांची प्रत सुधारते आणि मग विषाणू आटोक्यात येतो. ज्या उंदरांत हा संदेश नव्हता त्यांना विषाणू आवरता आला नाही. हे उशिरा येणारे प्रतिपिंड मला फार महत्त्वाचे वाटते. टी पेशी थकल्यावरही हे काम चालू असते, आठवड्यांमागून आठवडे. प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत बी पेशी आपल्या जनुकांत बारीक बदल करत, जी पेशी जास्त घट्ट पकडेल तिला पुढे येऊ देत, जुळवाजुळव करत राहतात. हे सगळे घडते ते रक्त विषाणूने भरलेले असतानाच. या काळातल्या उंदराचा एखाद्या दिवशीचा आकडा पाहिला, तर तो हरतो आहे असेच कुणीही म्हणेल.

पण याच काळात आणखी एक अडचण उभी राहते. प्रतिपिंडाची एक बाजू विषाणूला पकडते, दुसरी बाजू प्रतिकारपेशींवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना. त्या ग्राहकांवर बसल्यावरच पेशीला कळते की हे गिळायचे आहे किंवा मारायचे आहे. जुन्या संसर्गात संकुले इतकी होतात की ग्राहक त्यांनीच व्यापलेले असतात. पंगतीतले सगळे पाट भरलेले असताना दारात आलेल्या पाहुण्याने उभेच राहावे, तसे नव्या प्रतिपिंडाचे होते. २०१५ मध्ये रफी अहमद यांच्या आणि डेव्हिड ब्रूक्स यांच्या गटांनी हे उंदरांत दाखवून दिले. विशिष्ट पेशी नष्ट करण्यासाठी बाहेरून दिलेली औषधी प्रतिपिंडे निरोगी उंदरात उत्तम काम करत, क्लोन १३ च्या उंदरात जवळपास निष्प्रभ ठरत. संकुले कमी केली, किंवा औषधी प्रतिपिंडाची ग्राहकावरची पकड वाढवली, की काम पुन्हा होऊ लागे. माणसांत अनेक आजारांवर आज प्रतिपिंडे औषध म्हणून देतात. ज्याच्या अंगात आधीच जुना विषाणू आहे त्याच्यात ते औषध कसे वागेल, हा प्रश्न या उंदरांनी डॉक्टरांसमोर ठेवला आहे. माणसाच्या मूत्रपिंडातही हिपॅटायटिस बी सारख्या जुन्या संसर्गात संकुले साचून इजा होते, हे इथे आठवावे.

आता शेवटच्या ठिकाणी जाऊ. मेंदूत.

मेंदूची गोष्ट निराळी आहे, कारण चेतापेशी गेली की तिच्या जागी नवी येत नाही. यकृतातली संसर्ग झालेली पेशी मारली तर भरून निघते. चेतापेशी मारून विषाणू घालवणे म्हणजे उंदराचे पाय घालवणे. मग मेंदू काय करतो? बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डायान ग्रिफिन यांनी हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. त्यांचा विषाणू सिंदबिस, इजिप्तमध्ये डासांत सापडलेला, चिकुनगुन्याच्याच कुळातला. १९७३ मध्ये बार्शीत ज्या तापाने माणसांचे सांधे धरले होते त्याचा हा नातलग. उंदरात मात्र तो मेंदूत शिरतो.

१९९१ मध्ये बेथ लेव्हिन, ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या अंगात ना टी पेशी होत्या ना बी पेशी. त्यांच्या चेतापेशींत सिंदबिस विषाणू मुक्कामी राहतो. अशा उंदराला त्यांनी फक्त प्रतिपिंड दिले, विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला पकडणारे. मारणाऱ्या पेशी त्या उंदरात नव्हत्याच. पूरक प्रथिनांची मदतही लागली नाही. तरीही मेंदूतून जिवंत विषाणू नाहीसा झाला, आणि चेतापेशी जिवंत राहिल्या. या एका प्रयोगावर मन कितीही वेळा फिरवले तरी ते थकत नाही. पेशी न फोडता, तिच्या पृष्ठभागावर बाहेर पडू पाहणाऱ्या विषाणू-प्रथिनाला पकडून, आतले विषाणूचे उत्पादन थांबवता येते. पेशीला शिक्षा न करता.

याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवला पाहिजे, नाहीतर चित्र फार गोड होईल. १९७१ मध्ये वेअर आणि रॅप यांनी हॅमस्टरच्या पिलांच्या मेंदूत गोवराचा विषाणू टोचला. ज्या पिलांच्या आयांना गोवराविरुद्ध प्रतिपिंडे होती, ती आईकडून पिलांना मिळाली होती. त्या पिलांत विषाणू मेला नाही. तो मेंदूत दडून बसला आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिल्यावर वर आला. ओल्डस्टोन आणि रॉबर्ट फुजिनामी यांनी नंतर काचेच्या भांड्यातल्या पेशींत पाहिले की बाहेरून चिकटलेले प्रतिपिंड आतल्या गोवर-प्रथिनांचे उत्पादन कमी करते. उत्पादन कमी झाले की पेशी विषाणूग्रस्त आहे हे इतर पेशींना ओळखू येत नाही. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी काही मुलांच्या मेंदूत एसएसपीई नावाचा जीवघेणा आजार उद्भवतो, आणि त्यांच्या मेंदूजलात गोवराची प्रतिपिंडे भरपूर असतात. भारतातल्या मेंदूतज्ज्ञांना ही मुले अजून भेटतात. हॅमस्टरची पिले आणि ही मुले एकच नव्हेत, पण दोघांसाठीही ‘प्रतिपिंडे भरपूर आहेत’ या वाक्यात दिलासा नाही. मुलाला वेळेवर गोवराची लस मिळणे का महत्त्वाचे, ते इथे दिसते: एसएसपीई टाळायचा म्हणजे गोवरच टाळायचा.

सिंदबिसच्या उंदराकडे परत या. प्रतिपिंड दिल्यावर जिवंत विषाणू गेला, पण चेतापेशींत विषाणूचा आरएनए उरला. ज्या उंदरांत स्वतःची प्रतिपिंडे करणारी एकही पेशी नव्हती, त्यांत दिलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत विरली आणि विषाणू पुन्हा उभा राहिला. साध्या, धडधाकट उंदरात तसे होत नाही. तिथे प्रतिपिंडे करणाऱ्या प्लाझ्मा पेशी रक्तातून मेंदूत येतात आणि मुक्काम करतात. संसर्ग उलटून महिने गेल्यावरही त्या मेंदूच्या कापांत सापडतात, अजून प्रतिपिंडे सोडत असतात. विषाणूचा आरएनए आणि त्याच्यासाठी बसलेली पेशी, दोन्ही त्याच मेंदूत, आणि उंदीर पिंजऱ्यात नीट चालतो आहे.

म्हणून ग्रिफिन यांच्या प्रयोगशाळेने पुढची बरीच वर्षे एका प्रश्नावर घालवली: या पेशींना मेंदूत बोलावते कोण, आणि महिनोन् महिने तिथे जगवते कोण? उत्तर हळूहळू मिळत गेले ते संसर्गाच्या काळात मेंदूतच तयार होणाऱ्या रासायनिक संदेशांत. त्यातले काही बी पेशींना रक्तातून आत ओढतात, काही त्यांना तिथे तग धरायला लावतात.